चाळीस सेल्फ टेप, उत्तर शून्य: मग चुकतंय कुठे?

आधी प्रश्न काय होता ते सांगतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. विचारणारी मुलगी पुण्याची, वय २७. कॉलेजात तीन वर्षं पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा केली, अभिनयाचं बक्षीस पण आहे, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून अंधेरीत रूम शेअर करून राहायला आली. गेल्या वर्षभरात चाळीसेक सेल्फ टेप, म्हणजे घरीच फोनवर शूट केलेल्या ऑडिशन, पाठवल्या, पंधरा-वीस ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन ऑडिशन दिल्या, हाताला लागलं काय तर एक जाहिरात आणि एका सिरीयलमध्ये चार दिवसांचं काम. प्रत्येक ऑडिशनआधी ती कॅरेक्टरची दोन-दोन पानं बायोग्राफी लिहून काढते, लहानपण, शाळा, आवडता रंग सगळं, आणि तरी पलीकडून 'नाही' सुद्धा येत नाही, नुसती शांतता. तिचं म्हणणं, रेग्युलर काम करणारे नट असं काय करतात जे मी करत नाही?

अगं-तुगं करतोय, चालवून घे, माझी मुलगी तुझ्याहून थोडीच लहान आहे. मी बावीस वर्षं कॅमेऱ्यासमोर आहे. तू मला बघितलं असशील पण नाव सांगता येणार नाही, फौजदार, मामा, हेडमास्तर, हिरोइनचा बाप, आणि हिंदीत बोलावलं की हमखास हवालदार. मधे दोन वर्षं हातात काहीच नव्हतं तेव्हा मी वर्सोव्याला आराम नगरमधल्या एका कास्टिंग ऑफिसात क्यू द्यायला जायचो, म्हणजे कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून समोरच्या पात्राची वाक्यं वाचायची. दिवसाला पन्नास-साठ लोक, सगळ्यांना तोच सीन. मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्या दोन वर्षांतलं आहे, कारण स्वतः ऑडिशन देताना तुला फक्त तुझी दिसते, तिथे मला एकाच सीनच्या साठ दिसायच्या.

शांततेचं आधी संपवतो. तिचा अर्थ लावत बसू नकोस. कास्टिंगवाला फायनल करत नाही, तो चार-पाच जण शॉर्टलिस्ट करून पुढे पाठवतो, मग डायरेक्टर, मग प्रोड्युसर, मग चॅनल नाहीतर प्लॅटफॉर्म. आमच्या इथून एक मुलगी बहिणीच्या रोलसाठी जवळजवळ लॉक झाली होती, अप्रतिम टेप होती, आणि मग हिरोच बदलला आणि नवा हिरो तिच्यापेक्षा बुटका निघाला. संपलं. तिला कोणी फोन करून हे सांगितलं नाही, कोण सांगणार आणि कसं सांगणार. मला स्वतःला एकदा मोठ्या भावाच्या रोलमधून काढलं कारण धाकटा भाऊ झालेला नट माझ्यापेक्षा म्हातारा दिसत होता. यात तुझ्या अभिनयाचा काही संबंध नाही, त्यामुळे टेप पाठवली की ती आपली राहिली नाही असं समजून दुसऱ्या कामाला लागायचं. जमत नाही लवकर, मलाही सात-आठ वर्षं लागली.

पण चाळीसपैकी चाळीस अशाच कारणांनी गेल्या असंही नसणार. तुझ्या त्या दोन पानांच्या बायोग्राफीबद्दल बोलू.

ऑडिशनचं आणि शूटिंगचं अशी दोन वेगळी कामं आहेत आणि तू दुसरं काम पहिल्याच्या वेळेत करतेयस. ऑडिशनला तुझ्याकडे असतं काय? रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर आलेलं दीड पान, त्यावर 'मीरा, २५-३०, मिडल क्लास, सॉर्टेड' असलं एक वाक्य, आणि उद्या दुपारपर्यंत टेप हवीय. पुष्कळदा तो सीन खऱ्या स्क्रिप्टमधला नसतोच, गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून ऑडिशनपुरता लिहिलेला असतो, पात्राचं नाव पण खोटं असतं. त्यावर तू मीराचं लहानपण लिहिलंस तर ते तू तुझ्या मनानं लिहिलंस, सीनमध्ये त्याचा काही उपयोग नाही, उलट टेपमध्ये दिसतं काय तर एक मुलगी काहीतरी आठवायचा प्रयत्न करतेय. मी साठ-साठ लोक बघितलेत, जे गृहपाठ करून येतात त्यांच्या डोळ्यात तो गृहपाठ दिसतो.

त्या दीड पानासाठी मी फक्त तीन गोष्टी ठरवतो. सीन सुरू व्हायच्या एक मिनिट आधी मी काय करत होतो, समोरच्याकडून मला आत्ता काय पाहिजे, आणि त्याला काय कळू द्यायचं नाहीये. बस. भरतमुनींचं नाट्यशास्त्र, अभिनयावर लिहिणारा रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की, सगळं वाचलंय, ललित कला केंद्र, एफटीआयआय, एनएसडी असल्या अभिनय शिकवणाऱ्या संस्थांतली मुलं बरोबर काम करतात त्यांच्याशी वाद पण घातलेत, आणि स्तानिस्लाव्हस्कीचा तो 'मॅजिक इफ', म्हणजे मी या परिस्थितीत असतो तर काय केलं असतं, हा खरंच उपयोगी आहे, पण रात्री साडेदहाला एवढंच जमतं.

एक खरं उदाहरण देतो, तपशील थोडे बदलून. बँकेतला अधिकारी, वय ५०. समोर एक तरुण मुलगी, वडील महिन्यापूर्वी वारलेत, त्यांच्या एफडीची चौकशी करायला आलीय. माझी वाक्यं अशी: 'बसा ना.' 'पाणी घेणार?' मग ती काहीतरी बोलते, आणि मग 'तुमच्या वडिलांनी घरी काही सांगितलं नव्हतं का?' म्हणजे पैसे आधीच मोडलेत हे मला माहितीय, तिला नाही. आता हा सीन हातात आला की काय होतं, वाचणाऱ्याला तिसरं वाक्य माहीत असतं, त्यामुळे तो पहिल्या 'बसा ना' पासूनच दुःखी चेहरा करतो. जड आवाज, पॉझ, सुस्कारा. बाहेर बाकावर माझ्या आधी सहा जण होते, दार नीट लागत नव्हतं, सहाच्या सहा 'बसा ना' श्रद्धांजलीला आल्यासारखे ऐकू आले.

मी असं ठरवलं की पावणेदोन वाजलेत, डबा उघडून ठेवलाय, लंच टायमाला पंधरा मिनिटं आहेत आणि हे मला सांगायचं नाहीये, ही बाई मॅनेजरकडे गेली तर बरं. एवढंच. त्यामुळे 'बसा ना' घाईत आलं आणि म्हणताना मी दाराकडे बघितलं, 'पाणी घेणार?' ही आपोआप टाळाटाळ झाली, आणि तिसऱ्या वाक्याला काही करावंच लागलं नाही, कारण आता टाळायला जागा उरली नव्हती. क्यू देणारा मुलगा पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर करून माझ्याकडे बघायला लागला, ते मला पुरस्कारासारखं वाटलं. रोल मिळाला नाही बरं का. शॉर्टलिस्ट झालो, पुढे ढिम्म. पण जवळजवळ दीड वर्षानं त्याच ऑफिसातून फोन आला, 'सर ते बँकवाले तुम्हीच ना?' आणि त्यातून अकरा दिवसांचं काम मिळालं. ऑडिशनचं हे असं असतं, आज पेरलेलं कुठल्या शेतात उगवेल सांगता येत नाही.

आता तुझा दुसरा मुद्दा, सगळे 'थोडं कमी कर' म्हणतात आणि कमी केलं की टेप फ्लॅट वाटते. हे एकांकिकेतून आलेल्या प्रत्येकाचं होतं, माझंही झालं. स्पर्धेत आपल्याला भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं, त्यामुळे अंगाला तीन-चार सवयी लागतात ज्या आपल्याला सवयी वाटतच नाहीत, अभिनयच वाटतो. एक, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत चेहऱ्यावर रिॲक्शन तयार असते. दोन, आपलं वाक्य संपताना शेवटचा शब्द उचलून प्रेक्षकांकडे टाकायचा, टाळीची सवय. तीन, भुवया. मी माझी पहिली ऑडिशन टेप नंतर बघितली होती, त्यात माझ्या भुवया माझ्यापेक्षा जास्त काम करत होत्या. क्लोजमध्ये तुझा चेहरा केवढा मोठा दिसतो विचार कर, तिथे पापणी लवली तरी वाक्य झालं.

पण 'कमी कर' म्हणजे आवाज बारीक कर आणि मख्ख बस असं नाही, आणि इथेच गडबड होते. आतली गरज तेवढीच ठेवायची, ती मला दाखवायची धडपड तेवढी सोडायची. हे सांगायला सोपं आहे म्हणून एक उपाय सांगतो जो मी क्यू देताना नव्या मुलांना सांगायचो: सीन करताना हाताला एक खरं काम दे. कपडे घड्या करणं, लसूण सोलणं, बॅगेची चेन अडकलीय ती सोडवणं. खरं करायचं, करतेय असं दाखवायचं नाही, लसूण खरंच सोलला गेला पाहिजे. लक्ष तिकडे थोडं गेलं की भुवया आपोआप शांत होतात. घरी असे दोन-तीन टेक कर, मग लसूण काढून टाक आणि तसाच एक कर, तो पाठव. टेपमध्ये लसूण पाठवू नकोस, नाहीतर सगळे लसूणच बघतील.

ऑडिशन रूममध्ये जाशील तेव्हा लक्षात ठेव, क्यू देणारा पोरगा सकाळपासून तेच वाचतोय. तो सपाट वाचणार. 'आई गेली' हे तो 'दोन कटिंग' सारखं म्हणणार. पुष्कळ नट मनातल्या मनात एक काल्पनिक छान सहकलाकार धरून त्याच्याशी सीन करतात आणि मग टेपमध्ये कळतं की हा ऐकत नाहीये. त्यापेक्षा तो जसा म्हणतोय तसंच घे. एवढी मोठी गोष्ट हा माणूस मला इतक्या कोरडेपणानं सांगतोय, तर मला काय वाटेल? यातून कधीकधी लेखकालाही सुचलं नसेल असं काहीतरी निघतं. आणि 'मॅम अजून एक करूया, या वेळी ती चिडलेली नाहीये, तिला हसू येतंय' असं कोणी म्हणालं तर घाबरू नकोस, ती बहुतेक वेळा चांगली खूण असते, ज्याला सोडायचंय त्याला दुसरा टेक सहसा देत नाहीत. बघायचं असतं ते हे की सांगितल्यावर तू बदलतेस की नाही. मी कितीतरी जण बघितले, मान डोलावतात, 'हो हो कळलं' म्हणतात आणि पहिला टेक जसाच्या तसा परत करतात. पाठ करताना चालीसकट पाठ केलं की असं होतं. मी संवाद पाठ करतो तेव्हा भांडी घासत, जिना चढत, भाजीचे पैसे देत, एकदम सपाट, कुठलीही चाल न लावता. वेगवेगळ्या चालीत म्हणून बघितले तरी चालेल, एकच चाल बसली की मेलो.

सेल्फ टेपबद्दल. २०२० च्या लॉकडाऊनपासून हे प्रकरण इतकं वाढलंय की पहिली फेरी बहुतेक ठिकाणी टेपवरच होते. त्याचं तांत्रिक तुला माहितीच असेल, फोन आडवा, मागे साधी भिंत, खिडकीचा उजेड समोरून, इंट्रोमध्ये नाव, वय, उंची, कुठे राहतेस, डेट्स मोकळ्या आहेत का, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, जाहिरातीला हात पण पुढून-मागून. इंट्रोत लेन्सकडे बघायचं, सीनमध्ये लेन्सच्या अगदी शेजारी. यात दोन चुका मी ऑफिसात रोज बघायचो. पहिली, क्यू देणारी मैत्रीण फोनच्या जवळ असते त्यामुळे तिचा आवाज धो धो आणि तुझा विहिरीतून. तिला हळू बोलायला सांग, आणि अभिनय करू नको म्हणावं. माझ्याकडे क्यू बायको देते, इस्त्रीच्या टेबलावर डबे रचून त्यावर फोन, आणि ती एका डोळ्यानं गॅसकडे बघत वाचते, अप्रतिम देते, काही म्हणजे काही भाव नसतो. एकदा मधेच कुकरची शिट्टी झाली, मी ओरडायच्या सीनमध्ये होतो, थांबलो, शिट्टी संपू दिली, पुढे ओरडलो. पाच चांगले टेक होते पण मी तो शिट्टीवाला पाठवला आणि तोच लागला. दुसरी चूक शेवटी सांगतो.

इंट्रोबद्दल एक. लोक इंट्रो म्हणजे फॉर्म भरल्यासारखा देतात आणि मग सीनमध्ये 'ॲक्टिंग' सुरू होते. डायरेक्टर लोक इंट्रो फार लक्ष देऊन बघतात, मी त्यांच्या मागे उभा राहून बघितलंय. अभिनय करत नसताना तू कशी आहेस हे त्यांना तिथे दिसतं. पाठ केलेली इंट्रो देऊ नकोस.

बरं, समजा रोल मिळाला. आता तुझी बायोग्राफीची वही बाहेर काढ, आता वेळ आहे. पण मी तरी आवडता रंग वगैरेपासून सुरू करत नाही, मी माणसाच्या धंद्यापासून करतो. हा माणूस दिवसभर हातानं काय करतो?

काही वर्षांपूर्वी मला एसटी कंडक्टरचा रोल होता, गोष्ट १९९१ ची, म्हणजे तिकिटाची मशीन यायच्या आधीची, तिकिटांचा ट्रे आणि पंच. आताच्या एसटीत बसून उपयोग नव्हता. गावाकडे एक रिटायर्ड कंडक्टर काका सापडले, ओळखीच्यांच्या ओळखीनं, त्यांच्याकडे तीन दिवस जाऊन बसलो. त्यांनी डब्याचं झाकण हातात देऊन तो ट्रे समज म्हणून सांगितलं आणि मला ओट्याला टेकवून उभं केलं. म्हणे, चालत्या गाडीत हात धरायला मोकळा नसतो, एका हातात ट्रे, दुसऱ्यात पंच, मग कंडक्टर कशानं उभा असतो? मांडीनं. सीटच्या कडेला मांडी रोवायची आणि कंबर सैल सोडायची. नोटा उभ्या घडी करून बोटांच्या मधे, दहाच्या इथे, पाचच्या इथे, दोनच्या इथे, न बघता सापडल्या पाहिजेत. सुट्टे नसतील तर तिकिटाच्या मागे किती द्यायचेत ते लिहून द्यायचं. आणि मला सगळ्यात उपयोगी पडलं ते वाक्य काका सहज बोलून गेले, की आम्ही तोंडं बघायचो नाही, हात बघायचो, पुढे आलेला हात बघून नोट कळायची, उतरताना तोंड दिसलं तर दिसलं.

तीन दिवसांनी माझ्याकडे बायोग्राफीचं एकही वाक्य नव्हतं पण माणूस चालायला लागला होता. मांडीनं उभं राहायच्या सवयीमुळे तो घरात स्वयंपाकघराच्या दाराला सुद्धा तसाच टेकतो हे मला सेटवर न ठरवता सापडलं. लोकांची तोंडं बघत नाही तर बायकोकडे किती बघत असेल, हेही तिथूनच आलं, आणि तो तर अख्ख्या गोष्टीचा विषय होता. क्लायमॅक्सच्या आधीचा सीन असा की डेपोत उतरल्यावर त्याला कळतं मुलगा घर सोडून गेलाय, आणि त्याचं वेबिल, म्हणजे फेरीतल्या तिकिटांचा आणि पैशांचा हिशोब, लिहायचं बाकी आहे. लेखकानं लिहिलं होतं 'तो कोसळतो.' मी डायरेक्टरला विचारलं, वेबिल पुरं करू का? कारण काका म्हणाले होते, वेबिल जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही, मेलं कोणी तरी. तर सीन असा झाला की बातमी ऐकतो आणि आकडे लिहीत राहतो, बेरीज चुकते, खोडतो, परत करतो. कोसळलो नाही. सेटवरचे स्पॉटदादा नंतर येऊन न बोलता चहा देऊन गेले.

आता यातली व्यावहारिक भानगड ऐक, जी कुठल्या वर्कशॉपमध्ये सांगत नाहीत: कंटिन्युटी. तो वेबिलचा सीन मास्टर (अख्खा सीन लांबून), दोन सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरून), क्लोज, हाताचा क्लोज असा पाच-सहा बाजूंनी लागला, प्रत्येक वेळी त्याच शब्दाला पेन उचललं पाहिजे, त्याच शब्दाला खोडलं पाहिजे, नाहीतर एडिटला जोडताच येत नाही आणि मग तुझा सगळ्यात चांगला टेक फेकून देतात. म्हणून हाताला काम दे म्हटलं तरी असं दे की जे दहा वेळा तसंच करता येईल. पहिल्या रिहर्सलला हौसेनं चार गोष्टी करणारे नट असिस्टंटच्या शिव्या खातात. मी एक निवडतो, फार तर दोन.

कपडेपटाशी मैत्री कर. नाट्यशास्त्रात भरतानं अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत, आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक, त्यात वेशभूषा-रंगभूषेला, म्हणजे आहार्याला, अभिनयातच मोजलंय, आणि आपण ते दुसऱ्याचं डिपार्टमेंट समजतो. मी रोल लॉक झाला की आधी चपला-बूट मागतो. शूटच्या आठवडाभर आधी मिळाले तर घरात, भाजी आणायला, सगळीकडे तेच घालतो. चाल बदलली की आवाजाची बैठक पण थोडी हलते, का ते मला शास्त्रात सांगता येणार नाही.

आणि नट व्हायच्या आधी जे काही काम केलंस ते टाकून देऊ नकोस. निळूभाऊ फुले पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचे, डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. तू कुठल्या तरी ऑफिसात चार वर्षं बसलीस ना, तिथली एचआरची बाई कशी हसायची, नकार देताना पेन कसं फिरवायची, हे सगळं तुझं भांडवल आहे, दुसऱ्या नटाकडे ते नाही.

तू म्हणालीस की हल्ली डायरेक्टरना 'नॉन-ॲक्टर' हवे असतात मग आम्ही शिकून काय केलं. अर्धं खरं आहे. चैतन्य ताम्हाणेचा २०१४ चा 'कोर्ट' बघ परत, त्यात लोकशाहीर झालेले वीरा साथीदार मुळात कार्यकर्ते आणि सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी एनएसडीच्या. दोघं एकाच कोर्टात आहेत आणि कोण शिकलेलं कोण नाही याची शिवण दिसत नाही. ती सरकारी वकील कोर्टात कलमं ज्या कंटाळलेल्या सुरात वाचते ना, तो सूर नवख्याला चुकून एखादवेळी लागेल, प्रत्येक टेकला लागायला शिकावंच लागतं. तेव्हा शिकणं वाया जात नाही, फक्त ते झाकता आलं पाहिजे.

डेली सोपचं गणित वेगळं. तिथे हे सगळं प्रेमानं बाजूला ठेव. एपिसोड वीस-बावीस मिनिटांचा, आठवड्याला सहा, हल्ली कुठे कुठे सात, सीन सकाळी सेटवर येतो आणि पुढच्या महिन्यात तुझं पात्र चांगलं आहे की वाईट हे लेखकालाही माहीत नसतं, टीआरपीला माहीत असतं. सोशिक सून एका गुरुवारी अचानक कारस्थानी होते. तिथे खोल इतिहास घेऊन गेलीस तर रोज भांडशील. मी तीनच गोष्टी पक्क्या करतो, हा माणूस कुणाला घाबरतो, कुणासमोर मोठा होतो, आणि खोटं बोलताना काय करतो. ट्रॅक कितीही फिरला तरी या तिन्हींवर गाडी चालते. सिरीयलला नाकं मुरडू नकोस मात्र, अर्ध्या तासात दोन पानं पाठ करून मार्कवर उभं राहून लाइट न अडवता रडायची जी सवय तिथे लागते ती पुढे फिल्मच्या सेटवर लोकांना थक्क करते. पैसे नव्वद दिवसांनी येतात तेवढं घरभाड्याच्या हिशोबात धर.

हिंदीतल्या ऑडिशनबद्दल माझं एक दुखणं आहे ते सांगून घेतो. 'मॅम थोडा मराठी टच दीजिए.' म्हणजे त्यांना काय पाहिजे असतं तर कामवाली बाई आणि प्रत्येक वाक्याला 'काय रे'. मी भांडत नाही, मी विचारतो, कुठली मराठी? नागपूरची बाई हिंदी वेगळी बोलते, गिरगावातली वेगळी, रत्नागिरीहून आलेली वेगळी. नाव-गाव ठरवून त्या गावचं हिंदी बोललं तर त्यांना 'टच' पण मिळतो आणि आपली लाज पण राहते. हेच आपल्याकडे उलट होतं, पुण्या-मुंबईची मुलं ग्रामीण म्हटलं की 'लई', 'न्हाई', 'व्हय' तीन शब्द पेरतात आणि झालं गाव. बोली शब्दांत कमी आणि वाक्याच्या वळणात जास्त असते. वऱ्हाडातला माणूस 'काय करून राहिला बे' म्हणतो त्यात एकही अवघड शब्द नाही, पण 'करून राहिला' हे वळण आणि त्याचा संथपणा हेच सगळं आहे. त्या भागातल्या कुणाला फोन लावून दहा मिनिटं कशावरही बोलायला लाव, रेकॉर्ड कर, अर्थाकडे लक्ष न देता गाणं ऐकल्यासारखं ऐक.

ऑडिशनचे, रजिस्ट्रेशनचे, 'पोर्टफोलिओ आमच्याकडेच करा'चे पैसे मागणारा कोणीही असो, उठून बाहेर यायचं. हे तुला माहीत असेल, पण तुझ्या रूमवर परवा नवीन आलेल्या मुलीला माहीत नसेल, तिला सांग.

आणि ती राहिलेली दुसरी चूक. ऑफिसात रोज दहा-बारा टेप गुगल ड्राइव्हच्या लिंकवर यायच्या आणि त्यातल्या दोन-तीन उघडायच्याच नाहीत, परवानगी मागायच्या. पन्नास टेप बघायच्या असताना कोणी परवानगी मागून वाट बघत बसत नाही, सरळ पुढची लावतात. तुझ्या चाळीसपैकी ड्राइव्हवरून किती गेल्या ते बघ, आणि त्या लिंक आज रात्री मैत्रिणीच्या फोनवरून उघडतायत का तपास.